खाल्ल्या मिठाची दोन गावे

व्हेनिस मला आवडले नाही. हे चार शब्दांचे वाक्य चारचौघांत उच्चारायला मला परत आल्यावर आठ महिने लागले. कारण उघड आहे. प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशांतून युरोपला जाणाऱ्या माणसाला निराश व्हायची मुभा नसते. निराश व्हायचेच असेल तर भाईंदरहून सकाळची चर्चगेट लोकल आहे. ते काम पासात भागते. आम्हाला निरोप द्यायला सोसायटीतली नऊ माणसे खाली उतरली होती आणि त्यांतल्या एकाने नारळसुद्धा दिला होता. अशा मंडळींना परत येऊन "हं, बरं आहे" असे सांगणे म्हणजे त्या नारळाचा अपमान. तेव्हा मी जिन्यात भेटेल त्याला "स्वप्ननगरी हो, स्वप्ननगरी!" असे सांगत सुटलो. ही शेजारी उभी राहून मान डोलवायची आणि दार लावल्यावर म्हणायची, "माझ्या पायांना अजून सूज आहे तुमच्या स्वप्ननगरीची."

वास्तविक चूक कोणाचीच नव्हती. टूरच्या छापील कार्यक्रमात 'दिवस नववा : पाण्यावर तरंगणारी स्वप्ननगरी' असे म्हटले होते आणि नगरी खरोखरच पाण्यावर होती. फक्त त्या दिवशी पाणी वरूनही येत होते. मे महिना म्हणून छत्री आणली नव्हती. आमचे हॉटेलही व्हेनिसमध्ये नव्हते. ते अलीकडच्या काठावर मेस्त्रे म्हणून गाव आहे, तिथे होते. "व्हेनिसमध्ये राहणं कोणाला परवडत नाही ना, म्हणून लोक इकडे राहतात आणि पुलावरून रोज तिकडे जातात," असे टूर लीडरने सांगितले तेव्हा हिने माझ्याकडे नुसते पाहिले. आम्ही १९९१ साली गिरगावात परवडेना म्हणून भाईंदरला आलो. म्हणजे एवढा खर्च करून, पाच देश ओलांडून, आम्ही पुन्हा भाईंदरलाच उतरलो होतो.

हा टूर लीडर म्हणजे पंचवीस वर्षांचा एक चुणचुणीत मुलगा. बेचाळीस काका-काकूंना सांभाळून त्याच्या चेहऱ्यावर अकाली प्रौढपणा आला होता. बोटीतून उतरताच त्याने समुद्राकाठचे दोन उंच खांब दाखवले. एकावर पंखांचा सिंह, दुसऱ्यावर कोणी संत. "काका, काकू, बरोबर साडेतीनला या दोन खांबांच्या मधे. उशीर झाला तर बोट थांबणार नाही." या दोन खांबांच्या मधे पूर्वी गुन्हेगारांना जाहीर देहदंड देत आणि अस्सल व्हेनिसकर अजूनही तिथून चालायचे टाळतो, हे मला नंतर समजले. आमचे बेचाळीस लोक तिथे भिजत पाऊण तास उभे होते.

मधल्या पाच तासांत काय पाहिले? प्रथम काचेचा कारखाना. आगीच्या भीतीने व्हेनिसच्या सरकारने १२९१ साली काचेच्या भट्ट्या मुरानो नावाच्या बेटावर हलवल्या, ही माहिती ऐकेपर्यंत एका कारागिराने लाल गोळ्यातून मिनिटभरात काचेचा घोडा ओढून काढला. आम्ही टाळ्या वाजवल्या. बाहेर पडायची वाट दुकानातून होती, आणि दुकानातली कुठलीही वस्तू आमच्या घोड्याच्या ऐपतीतली नव्हती. मग प्रसाधनगृह. तिथे दीड युरो. आमच्यातल्या एका काकांनी या दराने घरी दिवसाला किती खर्च येईल याचा हिशेब मांडला आणि ते प्रयत्नपूर्वक बाहेरच थांबले.

मग गोंडोला. नव्वद युरो, अर्धा तास, माणसे पाच. दर सरकारी, घासाघीस नाही. लग्नानंतर चाळीस वर्षांनी होडीतून फिरायचे तर दोघांनीच फिरायला हवे, पण नव्वदला दोनाने भागले की अंगावर काटा येत होता आणि पाचाने भागले की कमी येत होता. शेवटी आम्ही दोघे, कोल्हापूरच्या दोघी बहिणी आणि मघाचे काका अशी ती प्रणययात्रा निघाली. होड्या सगळ्या काळ्या. श्रीमंतांची उधळपट्टी थांबावी म्हणून सरकारनेच कधीकाळी हा रंग ठरवून दिला म्हणे. एका अरुंद गल्लीत होडी वळली, ओहोटी लागलेली होती, भिंतींच्या तळाशी शेवाळ उघडे पडले होते. तेवढ्यात ही माझ्या कानाशी लागली.

"अहो, हा वास ओळखीचा नाही वाटत?"

मी हुंगून पाहिले. भाईंदर आणि नायगावच्या मधे खाडीच्या पुलावर गाडी आली की ओहोटीच्या वेळी खिडकीतून जो खारट, चिखलाचा वास येतो, तोच. अगदी तोच.

"हळू बोल," मी म्हणालो, "लोक ऐकतील."

दुपारी दशम्यांचा डबा काढून चौकातल्या पायरीवर टेकलो, तर एक गणवेशधारी बाई धावत आली. बसायचे नाही. खायचे नाही. कबुतरांना टाकायचेही नाही. ते २००८ सालापासून बंद आहे. मग डोजेच्या, म्हणजे तिथल्या निवडून आलेल्या राजाच्या, महालासमोर एका लांबलचक जुन्या इमारतीच्या कमानी आहेत, तिथे पावसाच्या आडोशाला भिंतीला पाठ लावून आम्ही चोरून दशम्या खाल्ल्या. साडेतीनला खांबांपाशी. पाचला मेस्त्रे. झाले व्हेनिस.

ही सगळी हकीकत मी दडपून ठेवली असती, पण आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये एक निवृत्त इतिहासमास्तर राहतात. आठ महिन्यांनी एके संध्याकाळी ते चहाला आले आणि त्यांनी मला गाठले. "व्हेनिसला गेला होतात म्हणे. मग मनुचीच्या दारावरून आलात की नाही?"

"कोण मनुची?" मी विचारले. आमच्या ग्रुपमध्ये या नावाचे कोणी नव्हते.

मास्तरांनी कप खाली ठेवला. वर्गात गृहपाठ न केलेल्या मुलाकडे पाहावे तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मग जे सांगितले ते मी पुढे 'असे होते मोगल' हा त्याच्या ग्रंथाचा मराठी अनुवाद वाचनालयातून आणून पडताळून पाहिले.

निकोलाव मनुची हा व्हेनिसचा पोरगा. चौदा-पंधरा वर्षांचा असताना घरातून पळाला आणि जहाजात लपून बसला. १६५६ साली तो हिंदुस्थानात पोहोचला. दारा शुकोहच्या तोफखान्यात राहिला. दारा संपल्यावर पोटासाठी वैद्यकी केली. ती कुठे शिकला हे विचारू नये. आणि १६६५ साली, पुरंदरच्या वेढ्याच्या वेळी, हा इसम मिर्झा राजे जयसिंगांच्या छावणीत होता. एका रात्री मिर्झा राजांबरोबर पत्ते खेळत बसला असताना तिथे शिवाजी महाराज आले. ओळख करून देण्यात आली. नंतरही भेटी झाल्या आणि युरोपातल्या राजांविषयी बोलणे झाले, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे हा आपल्या वसईलाही येऊन राहून गेला. पन्नासहून अधिक वर्षे हिंदुस्थानात काढून तो इकडेच वारला. व्हेनिसला परत म्हणून गेला नाही.

गेला तो त्याचा ग्रंथ. पहिली प्रत त्याने फ्रान्सला पाठवली. तिथे कात्रू नावाच्या एका पाद्र्याने तिच्या आधारावर १७०५ साली आपले स्वतःचे पुस्तक छापून टाकले. मनुची संतापला आणि त्याने आपली बाडे व्हेनिसच्या सरकारकडे पाठवून दिली. ती आजही तिथल्या मार्चियाना ग्रंथालयात आहेत.

"आणि हे ग्रंथालय कुठे आहे ठाऊक आहे?" मास्तर म्हणाले. "त्या दोन खांबांच्या अगदी बाजूला. डोजेच्या महालासमोर. लांबलचक इमारत, खाली कमानी."

स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "अहो, आपण दशम्या खाल्ल्या ती!"

मास्तर काही बोलले नाहीत. महाराजांशी समोरासमोर बोललेल्या माणसाची हस्तलिखिते जिथे ठेवली आहेत, त्या भिंतीला पाठ लावून मी लिंबाच्या लोणच्याबरोबर दशमी खाल्ली होती आणि वर 'काही पाहण्यासारखं नाही' असे म्हटले होते. मी कसाबसा म्हणालो, "पण मास्तर, आम्हाला थोडीच दाखवली असती ती बाडं?"

"नसती दाखवली," मास्तर म्हणाले. "पण भिंतीला पाठ लावण्याऐवजी नमस्कार तर करता आला असता."

त्यावर कडी म्हणजे, धीर करून मी त्यांना त्या वासाबद्दल सांगितले. वाटले, हसतील. ते उलट खूश झाले. "वहिनींचं नाक इतिहासाचं आहे," म्हणाले. "व्हेनिस हे मुळात मिठागर."

हे मला नवीन होते. पण खरे आहे. ना शेती, ना गोडे पाणी, नुसता चिखल आणि भरती-ओहोटी अशा जागी माणसे जाऊन राहिली. ती काय खाणार? इ.स. ५३७च्या सुमारास कॅसिओडोरस नावाच्या एका रोमन अधिकाऱ्याने या लोकांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात या लोकांच्या घराशी गुरांसारख्या होड्या बांधलेल्या असतात आणि नांगराऐवजी ते मीठ पिकवतात, अशा अर्थाचे वर्णन आहे. पुढे व्हेनिस मोठे झाले ते याच मिठावर. शेजारच्या कोमाक्कियोची मिठागरे डोळ्यांत खुपली तेव्हा व्हेनिसकरांनी ते गावच उद्ध्वस्त केले. मिठाचा व्यापार सरकारने हातात घेतला, त्यासाठी स्वतंत्र खाते उघडले. डोजेच्या महालाच्या बांधकामाचा आणि चित्रांचा खर्च या मीठखात्यातून निघत असे. आपल्याकडे इंग्रजांनी पुढे मिठावर तीच मक्तेदारी बसवली आणि १९३० साली वडाळ्याच्या मिठागरावर माणसांनी लाठ्या खाल्ल्या. फरक एवढाच की व्हेनिसच्या मिठातून व्हेनिसचा महाल उभा राहिला. आमच्या मिठाचा पैसा आमच्या गावात कधी थांबला नाही.

कारण मीठ आमच्याकडेही होते. भाईंदर म्हणजे मीठ. आगरातून मीठ काढणारे ते आगरी, ही तर आमच्या इथल्या मूळ माणसांची ओळख. भरतीचे पाणी बांधातून आत घ्यायचे, एका खाचरातून दुसऱ्या खाचरात फिरवत उन्हाला आटवायचे, आणि खाली बसलेले मीठ फळीने ओढून ढीग घालायचे. ऊन डोक्यावर आणि खार पायांच्या भेगांत. आम्ही १९९१ साली आलो तेव्हा गाडीच्या खिडकीतून हे पांढरे ढीग दूरवर दिसत. मुलगा लहान होता. त्याला तो बर्फ वाटायचा. आज त्यांतली बरीच मिठागरे बंद पडली आहेत. तेहतीस वर्षे मी त्या खिडकीशी बसून गेलो, पण हे मीठ कोण काढतो हे मी कधी विचारले नाही. खिडकीची जागा मिळाली, यातच मी धन्य होतो.

एकदा मिठाचा धागा हातात आल्यावर मास्तर थांबेनात. मार्को पोलो हा व्हेनिसचाच. आपल्या ठाण्याविषयी त्याने तेराव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवले आहे, आणि त्यात इथले चाचे राजाशी संगनमत करून लूट करतात अशीही तक्रार आहे. पुढे १४९८ साली वास्को द गामा समुद्रमार्गे कालिकतला पोहोचला. हिंदुस्थानचा मसाला व्हेनिसच्या हातावाचून युरोपात जाऊ लागला आणि व्हेनिसच्या पेढ्यांवर घबराट उडाली. ज्या वाटेने व्हेनिसला ओहोटी लागली त्याच वाटेने पोर्तुगीज आमच्या खाडीत शिरले; डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने त्यांना वसई दिली. व्हेनिसला त्या ग्रंथालयाचे काम १५३७ साली सुरू झाले आणि इकडे वसईत त्याच सुमारास चर्चे आणि हवेल्या उठू लागल्या. व्हेनिसचे प्रजासत्ताक नेपोलियनने १७९७ साली बुडवले. पोर्तुगिजांची वसई त्याच्या अठ्ठावन्न वर्षे आधी, मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी घेतली.

लुटीचेही तसेच. सेंट मार्कच्या चर्चवरचे चार सुंदर घोडे व्हेनिसकरांनी १२०४ साली कॉन्स्टँटिनोपलहून पळवून आणलेले. नेपोलियनने ते पॅरिसला नेले, १८१५ साली परत आले. आता खरे घोडे आत आहेत आणि बाहेर नकला आहेत. आमचा फोटो नकलांबरोबर आहे. आणि आपण? वसईच्या चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांतून टांगल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांतलीच. घोडे पाहायला मी काही हजार मैल गेलो; ज्या गावच्या घंटा, ते गाव माझ्या गॅलरीतून खाडीपलीकडे दिसते आणि मी तिथे एकदाही गेलो नव्हतो.

हे फार लागले. पुढच्या रविवारी आम्ही वसईला निघालो. भाईंदर पश्चिमेहून वसई किल्ल्याच्या धक्क्यापर्यंत मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. या वेळी होडीत पाचवा माणूस शोधावा लागला नाही. रेल्वेच्या पुलांमधले पाणजू बेट लांबून दिसत होते. त्याच्या अंगावरून आमची गाडी रोज धडधडत जाते. बेटाला स्टेशन नाही, माणसे होडीने ये-जा करतात. होडीशिवाय घर गाठता येत नाही असे गाव पाहायला मी युरोपात गेलो होतो.

किल्ल्यात आत शहर आहे, हेच मला ठाऊक नव्हते. छप्पर नसलेली चर्चे, आकाशात गेलेला मनोरा, पायाखाली पोर्तुगीज अक्षरांच्या कबरींच्या फरश्या, भिंतींतून उगवलेले वड-पिंपळ, आणि प्रत्येक कमानीत लग्नाआधीचे फोटो काढून घेणारे एकेक जोडपे. मास्तर बरोबर होते. ते म्हणाले, १६९५ साली जेमेल्ली करेरी नावाचा एक इटालियन वकील इथे येऊन गेला. स्वतःच्या खर्चाने, जी मिळेल ती गाडी-होडी पकडून, पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेला. त्याने नोंदवले आहे की शहराचा उत्तरेकडचा भाग साथीमुळे ओस पडला आहे. म्हणजे इटालियन माणूस आमचे गाव पाहायला येतो आणि त्यालाही ओस घरे दिसतात. हिशेब बरोबर झाला म्हणायचा.

फक्त करेरीने दारे मोजली, नोंद केली. मी व्हेनिसमध्ये युरो मोजले.

आता वाटते, व्हेनिसने मला निराश केले नाही. मीच व्हेनिसला निराश केले असेल. १९५१ साली त्या बेटांवर पावणेदोन लाख माणसे राहत. आज पन्नास हजारही उरली नाहीत. आमच्यासारखे सकाळी येऊन संध्याकाळी जाणारे इतके वाढले की २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी त्यांच्याकडून पाच युरो घेऊ लागले. आमच्याकडे उलटे. २०११च्या जनगणनेत मीरा-भाईंदर आठ लाख नऊ हजारांवर गेले, आणि पाहायला म्हणून इथे कोणी येत नाही. एक गाव पाहुण्यांनी रिकामे केले, एक आम्ही राहणाऱ्यांनी भरून टाकले. दोन्हीकडे गावाला विचारणारे कोणी नाही.

संध्याकाळच्या बोटीने परत निघालो. हिने डबा काढला. कोणी गणवेशधारी धावत आले नाही. ओहोटी लागली होती, काठाचा चिखल उघडा पडला होता. ही नाक वर करून म्हणाली, चांगली सगळ्या बोटीला ऐकू जाईल अशी, "आला बघा. तोच वास!"

या वेळी मी तिला हळू बोलायला सांगितले नाही.